आईची पाच पुडकी

ज्यांना नाताळ फार आवडतो त्यांनी एकदा डिसेंबरात माझ्या टेबलामागे येऊन उभं राहावं. आमच्या दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या अगदी तोंडाशी, भेटवस्तू कागदात बांधून देण्याचं टेबल आहे. अकरा महिने मी खालच्या मजल्यावर चादरी आणि टॉवेल विकते. एक डिसेंबर उजाडला की मला उचलून या टेबलामागे उभं करतात, कारण माझ्या हाताला वळण आहे म्हणे. गेली सोळा वर्षं हेच चाललंय. दिवसाला शंभर-सव्वाशे पुडकी होतात. छतातल्या स्पीकरमधून तीच नऊ गाणी फिरून फिरून वाजतात आणि रांगेतली माणसं सासूला काय द्यायचं यावरून नवऱ्याशी भांडतात. शेवटी माझ्यासमोर आली की गोड हसून म्हणतात, "जरा छान करा हं, खास माणसासाठी आहे." जणू काही बाकीच्यांची मी पायाने बांधते.

यंदा मात्र माझं चित्त टेबलावर नव्हतं. पंचवीस तारखेला दादाच्या घरी जेवण होतं आणि त्या जेवणात माझ्या आईची परीक्षा होती. ती नापास झाली तर नव्या वर्षात आई माझ्या घरातून जाणार होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आईचं विसरणं त्याच्यापासून मी दीड वर्ष लपवलं. तो फोन करायचा तेव्हा मी आईच्या शेजारी बसून ओठांनी उत्तरं पुरवायची. "काय जेवलीस?" असं त्याने विचारलं की मी हवेत बोटाने भाताचा ढीग काढायची. चाललं होतं. पण ऑक्टोबरात एका दुपारी आई दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून बसस्टॉपवर जाऊन बसली आणि येणाऱ्या प्रत्येक बसला हात करत राहिली. एका भल्या ड्रायव्हरने तिच्या पर्समधल्या चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. चिठ्ठी जुनी होती. नंबर दादाचा होता.

दादा वाईट नाही. तो वाईट असता तर मला भांडणं सोपं गेलं असतं. त्याने म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी चार ठिकाणं पाहिली, त्यातलं एक निवडलं, तिथे आईसाठी एक खोली धरून ठेवली आणि मग माझ्याकडे येऊन शांतपणे म्हणाला, "तू दिवसभर दुकानात असतेस. ती घरी एकटी असते. उद्या काही झालं तर तू स्वतःला माफ करशील का?"

"वरच्या मजल्यावरची शिंपीण बसते तिच्याजवळ," मी म्हटलं. "आणि आई काही एवढी विसरत नाही. त्या दिवशी उन्हाने झालं."

"उन्हाने दोन पायांत दोन चपला?"

मी चहाचे कप उचलायला लागले. तो मग म्हणाला, "बरं. नाताळच्या जेवणाला सगळे असतील. आई आपल्या माणसांना ओळखतेय, चार शब्द नीट बोलतेय, असं मला दिसलं तर मी खोली सोडून देतो. नाही तर दोन जानेवारीला आपण तिला घेऊन जायचं. आणि तू रडायचं नाहीस."

आई जाऊ नये असं मला का वाटत होतं, हे लोकांना सांगताना मी म्हणायची की तिला परक्या जागी करमणार नाही. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. माझं लग्न तीन वर्षं टिकलं. त्यानंतरची चौदा वर्षं संध्याकाळी किल्ली फिरवली की आतून "आलीस का गं ठमे?" असा आवाज यायचा. चाळिशी उलटलेल्या बाईला ठमी म्हणणारं जगात एकच माणूस होतं. ते गेलं की मी त्या घरात काय करणार होते, हा प्रश्न मी स्वतःलासुद्धा विचारत नव्हते. मला एकटीला राहायची भीती वाटते. झालं, बोलून टाकलं.

म्हणून मी कामाला लागले. आई माणसं विसरते, पण रंग आणि कापडं तिच्या अजून लक्षात राहतात, हे माझ्या ध्यानात आलं होतं. कोणत्या साली पडद्यांचं कापड कसं होतं हे ती आजही सांगेल. मग मी ठरवलं की आईच्या हातून सगळ्यांना भेटी द्यायच्या आणि प्रत्येक माणसाचा कागद वेगळा ठेवायचा. कागद पाहिला की माणूस आठवला पाहिजे. दादाला पट्टेरी कागद, कारण कॉलेजपासून आजपर्यंत त्याने पट्ट्यांशिवाय शर्ट घातलेला नाही. वहिनीला लाल, तिच्या ओठांसारखा. दादाच्या थोरल्या मुलीला चांदण्यांचा, कारण ती रात्र रात्र जागून अभ्यास करते. धाकटीला ठिपक्यांचा, कारण तिला कांजिण्या आल्या तेव्हा आईनेच तिच्या उशाशी बसून दिवस काढले होते. आणि मामाला साधा तपकिरी कागद. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बाहत्तर वर्षांचा झाला तरी चिमटीने तपकीर ओढतो आणि मग दहा वेळा शिंकतो. पाच माणसं, पाच पुडकी.

रोज संध्याकाळी जेवणं झाली की आमचा वर्ग भरायचा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी पुडकी मांडायची आणि प्रत्येकासमोर फोटो ठेवायची. दिवसभर परक्यांची पुडकी बांधून अंगठ्याला चिरा पडलेल्या असायच्या, पाय पोटऱ्यांपर्यंत भरून आलेले असायचे, पण मी शाळामास्तरणीसारखी उभी.

"पट्टे कुणाचे?"

"पट्टे... गाढवाचे नसतात, ते झेब्र्याचे."

"आई!"

"अगं हो, कळलं. थोरल्याचे." मग फोटो जवळ धरून, "हा एवढा टकला कधी झाला?"

अशी ती होती. अर्धी हरवलेली आणि अर्धी अजून खट्याळ. कुठला अर्धा भाग कधी समोर येईल याचा नेम नसायचा. काही संध्याकाळी पाचही उत्तरं बरोबर यायची आणि मला वाटायचं, जिंकलो. काही संध्याकाळी ती लाल पुडकं हातात धरून विचारायची, "हे कुणाचं घर आहे?" मी "तुझंच गं" म्हणायची आणि परत पट्ट्यांपासून सुरुवात करायची.

त्यात पार्ट्या. डिसेंबरात माणसांना काय होतं कोण जाणे, अकरा महिने तोंड न दाखवणाऱ्यांना अचानक भेटायचं असतं. आमच्या दुकानाची पार्टी पंधरा तारखेला होती. न जावं तर मॅनेजर नाक मुरडतो आणि जानेवारीत सुट्टी देत नाही. शिंपिणीला त्या संध्याकाळी वेळ नव्हता, म्हणून आईला सोबत घेऊन गेले. पण आई तिथे अशी वावरली की बघत राहावं. सगळ्यांना नमस्कार केला, केकचं कौतुक केलं, मॅनेजरला विचारलं, "दमत असाल ना हो एवढा व्याप सांभाळून?" तो पठ्ठ्या पाघळलाच. घरी परतताना माझ्या लक्षात आलं की नव्या माणसांत आई छान वागते. नव्या माणसांना ओळखायची कुणी तिच्यावर सक्तीच करत नाही. ती नुसती गोड वागते आणि सुटते. मला त्याचा धीरच आला. म्हटलं, पंचवीसला निभेल.

बावीस तारखेला शाळेच्या मैत्रिणींचा मेळावा होता. शाळा सोडून पंचवीस वर्षं झाली म्हणून एका हॉटेलचा हॉल घेतला होता. अर्धा तास तोंड दाखवून येऊ म्हणून गेले. तिथे जी ती आपली मुलं, आपली गाडी आणि आपले गुडघे यांच्याबद्दल बोलत होती. एकीने विचारलं, "तू काय करतेस गं?" मी म्हटलं, "पॅकिंगमध्ये आहे." ती म्हणाली, "म्हणजे एक्स्पोर्ट?" मी म्हटलं, "हो." तेवढ्यात शिंपिणीचा फोन आला.

"ताई, मी जरा गॅसवर दूध ठेवायला वर गेले होते हो. दहाच मिनिटं. तुम्ही या घरी."

घरी आले तर आई जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि तिच्याभोवती कागदाच्या चिंध्या. पट्टे, चांदण्या, ठिपके, सगळं एकात एक. दादाला द्यायचा मफलर तिच्या गळ्यात. धाकटीची रंगपेटी उघडी. आईचा चेहरा इतका आनंदी मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"बघ ना," ती म्हणाली, "मला कुणीतरी केवढ्या भेटी पाठवल्यात!"

मी ओरडले. काय काय बोलले ते सांगायची लाज वाटते. तीन आठवडे घसा कोरडा करतेय, तुला त्या खोलीत जाऊन पडायचंय का, तुझ्यापायी मी कुठे पाच मिनिटं बसू शकत नाही, असं सगळं. शिंपीण दारात उभी राहून चुळबुळत होती. आईने गळ्यातला मफलर काढला, नीट घडी केली आणि माझ्यासमोर ठेवला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं ते तुमचं आहे."

त्या रात्री मी पुडकी पुन्हा बांधली. आई निजली होती. पट्टेरी कागद संपला होता, तो दुसऱ्या दिवशी दुकानातून विकत आणला. त्यानंतरचे दोन दिवस आई माझ्याशी फार सभ्यपणे वागली. चहा दिला की "थँक्यू" म्हणायची. ताट उचललं की "राहू द्या, मी करते" म्हणायची. आईने जन्मात मला चहासाठी थँक्यू म्हटलेलं नाही. मला वाटलं, रुसलीय. माझ्या ओरडण्याची शिक्षा करतेय. मनातून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण तिची समजूत घालायला मला वेळ नव्हता. चोवीस तारखेला टेबलापुढची रांग जिन्याखालून दरवाज्यापर्यंत गेली होती. रात्री वर्गात मात्र तिने पाचही पुडकी न चुकता सांगितली. दोनदा विचारलं, दोनदा बरोबर. त्या भरात बाकी सगळं मी सोडून दिलं.

पंचवीसला आम्ही बसने गेलो. पुडक्यांची पिशवी मांडीवर आणि आई खिडकीशी. वाटेत मी हळूच विचारलं, "लाल?" ती म्हणाली, "सुनेचं." "तपकिरी?" "भावाचं. शिंकतो तो." शेजारची बाई आमच्याकडे चमकून बघत होती.

दादाकडे झाड सजवलेलं होतं, दिवे लागले होते, सगळ्या घराला भाजलेल्या बटाट्यांचा वास येत होता. दादाने आईला हाताला धरून मोठ्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर बसला. तो हसत होता, पण त्याची नजर परीक्षकाची होती. मी आईच्या खुर्चीमागे उभी राहिले.

"आई, प्रवास कसा झाला?"

"बसने झाला," आई म्हणाली. "आणखी कसा होणार? तुझी गाडी काय फक्त तुझ्या पोटाला बसायला घेतलीय?"

मामा खो खो हसला. दादाही हसला. माझा अर्धा जीव भांड्यात पडला. मी पिशवी उघडून पहिलं पुडकं आईच्या हातात दिलं. तिने कागदावरून बोट फिरवलं, मान वर केली आणि ते सरळ दादापुढे धरलं. "हे घे. थंडीत गळा उघडा टाकून फिरतोस." मग लाल पुडकं. आईने वहिनीकडे बघून म्हटलं, "हे तुला. रंग तुझाच आहे." चांदण्यांचं थोरलीला देताना, "झोपत जा गं जरा." ठिपक्यांचं धाकटीला देताना तर तिने पोरीच्या गालावरचा जुना व्रण चाचपून पाहिला. मी हे काही शिकवलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तपकिरी पुडक्यापाशी ती थबकली. पुडकं हातात, नजर कुठेतरी झाडाच्या दिव्यांत. दादा पुढे वाकला. मी मागून बोलणार होते, तेवढ्यात मामाला शिंक आली.

"घे मेल्या," आई म्हणाली, "तुझंच आहे."

घर हसण्याने दुमदुमलं. वहिनी पुडकं उलटंपालटं करून माझ्याकडे वळली. "वन्सं, हे कोपरे मात्र तुमच्या हातचे हं. आईंनी बांधलं असतं तर अर्धा रीळ चिकटपट्टी लागली असती."

"कागद मी लावला," मी म्हटलं, "निवडलं सगळं आईने." खोटं बोलायला मला आता जराही कष्ट पडत नव्हते.

जेवणं झाली. आई नीट जेवली, दुसऱ्यांदा मागून घेतलं. मी ताटं उचलत होते. दादा उठून माझ्याजवळ आला. त्याचे डोळे ओले होते. "चुकलो मी," तो हळू आवाजात म्हणाला. "मला वाटलं होतं ती मला ओळखायचीसुद्धा नाही. उगाच घाई केली."

मी ताटं एकावर एक रचत राहिले. बोलले असते तर रडले असते, आणि रडायचं नाही असं ठरलं होतं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मला वाटलं की आता घरी जावं, पाय वर करून बसावं आणि आईच्या शेजारी बसून नुसता टीव्ही बघावा.

तेवढ्यात आईने दादाला हाक मारली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"अरे, तुम्ही सगळ्यांनी घेतलं. ह्या बाईंना काहीच नाही आणलं का?"

तिचं बोट माझ्याकडे होतं.

"सकाळपासून राबतायत बिचाऱ्या. मला बसने इथवर त्यांनीच आणलं. रोज माझं सगळं करतात, चहा देतात, फोटो दाखवतात. फार मायेच्या आहेत रे. त्यांचंही कुणी घरी वाट बघत असेल. सणासुदीला किती वेळ थांबवून ठेवायचं माणसाला?"

मामाने मांडीवर थाप मारली. "ऐका! पोरीला राबवून घेते आणि वर टोमणा आम्हाला!" दादा हसला. पोरी हसल्या. आईची जुनीच सवय ती, माणसाला सरळ न बोलता तिरक्या वाटेने बोलायची. सगळे हसताहेत असं पाहून आईही हसली. हल्ली ती तसंच करते, लोक हसले की हसते.

मी ताटांचा ढीग हातात धरून उभी होते. पट्टे, लाल, चांदण्या, ठिपके, तपकिरी. पाच माणसांची पाच पुडकी मी तीन आठवडे घोटून घेतली होती. सहावं माणूस आईला शिकवावं लागेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. कुणाच्या आलं असतं?

मीही हसले. हसायलाच हवं होतं. फक्त वहिनी हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला कळलं होतं. ती माझ्या हातातली ताटं घ्यायला आली आणि कानाशी म्हणाली, "वन्सं, सांगून टाका त्यांना. अजून वेळ गेलेली नाही."

मी नकारार्थी मान हलवली.

दादा आईच्या खुर्चीच्या हातावर टेकला होता, तिच्या खांद्यावर हात टाकून. "ठरलं मग," तो म्हणाला. "उद्या सकाळी फोन करून ती खोली सोडतो. एकदा सोडली की परत मिळायची नाही, मागे रांग आहे. पण आई असं बोलतेय म्हटल्यावर मला काही काळजी नाही. आई तुझ्याजवळच राहील. नक्की ना?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. आईसुद्धा बघू लागली. चेहऱ्यावर तेच गोड हसू घेऊन, ह्या भल्या बाई आता काय म्हणतात याची ती वाट बघत होती.

"नक्की," मी म्हटलं.